तरणतलावाच्या काठची तुंबलेली पन्हळ

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात घरचा तरणतलाव ही फार जुनी गोष्ट नव्हे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ भोसरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत वाढली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. या साऱ्या काळात येथील घर म्हणजे कामगाराचे दोन खोल्यांचे घर, चाळ किंवा फार तर प्राधिकरणाच्या भूखंडावरील बैठा बंगला असे. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले, माहिती-तंत्रज्ञानाची नोकरदार मंडळी वाकड, रावेत, पुनावळे, मोशीकडे राहावयास आली आणि गृहसंकुलाच्या माहितीपत्रकात जिना व वाहनतळ यांच्या जोडीला निळ्या पाण्याचे चित्र दिसू लागले. तळेगाव, चाकण, आळंदी रस्ता या बाजूंच्या बंगल्यांच्या योजनांतून तर स्वतंत्र छोटा तलावही असतो. पाणी निळे राहावे यासाठी माणूस ठेवला जातो, औषधे आणली जातात, महिन्याचे बिल भरले जाते. मात्र त्या तलावाच्या काठाने चार ते सहा इंच रुंदीची, जाळीने झाकलेली जी पन्हळ गेलेली असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते जाते पहिल्या मोठ्या पावसात, काठावर घोटाभर पाणी साचते तेव्हा.

हे दुर्लक्ष महाग पडते. काठावर साचलेले मातकट पाणी तलावात उतरले, की दोन दिवस फिल्टर चालवूनही पाणी स्वच्छ होत नाही. फरशीवर शेवाळ धरते आणि ओल्या पायांनी धावणारी मुले घसरतात. जाळीखालच्या साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. आणि यांपैकी काहीही डोळ्यांना दिसले नाही, तरी फरशीच्या सांध्यांतून खाली मुरणारे पाणी तलावाच्या भिंतीमागे जमत राहते. हा शेवटचा धोका सर्वांत मोठा असून त्याची चर्चा सर्वांत कमी होते. त्याकडे पुढे वळू.

आधी एका गोंधळाचे निराकरण केले पाहिजे. तलावाभोवती जाळीने झाकलेल्या नाल्या पुष्कळदा एक नव्हे, दोन असतात. पाण्याच्या अगदी कडेला असते ती ओव्हरफ्लोची नाली. तलावात माणसे उतरली की वर चढणारे पाणी या नालीत सांडते, तेथून बॅलन्सिंग टँकमध्ये जाते आणि फिल्टरमधून गाळून पुन्हा तलावात येते. म्हणजे ही नाली सांडपाण्याची नव्हे. ती तलावाचाच एक अवयव आहे. दुसरी नाली त्याच्या बाहेर, काठाच्या फरशीच्या पलीकडच्या टोकाला किंवा मध्यावर असते. पावसाचे पाणी, पायांबरोबर आलेले पाणी आणि फरशी धुतलेले पाणी तिच्यातून बाहेरच्या पर्जन्यजल वाहिनीकडे किंवा शोषखड्ड्याकडे जावे, अशी तिची योजना असते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, जाळीही बहुधा एकाच दुकानातून आणलेली असते. त्यामुळे फरशी घासणारा माणूस साबणाचा फेस जवळची नाली पाहून तिकडे लोटतो आणि तो फेस थेट तलावात परततो. याउलट काही जुन्या बांधकामांत बाहेरची नालीच नसते आणि अंगणातील सारा ढाळ तलावाकडे असतो. असे घर विकत घेणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी गवंड्याला बोलावून लेव्हल ट्यूब लावून पाहिलेली बरी.

कोणती नाली कोठे जाते, हे ओळखण्याचा साधा उपाय आहे. बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग चिमूटभर मिसळून ते बाहेरच्या नालीत ओतावे आणि कोणत्या चेंबरमध्ये रंग उतरतो ते पाहावे. रंग गृहसंकुलाच्या मैलापाण्याच्या चेंबरमध्ये दिसला, तर नाली चुकीच्या वाहिनीस जोडलेली आहे असे समजावे. ही चूक वाटते त्याहून अधिक ठिकाणी आढळते. पावसाचे पाणी मैलावाहिनीत गेले की पावसाळ्यात ती वाहिनी ओसंडते आणि संकुलाच्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पावर नको तो भार येतो. रंग कोठेच दिसला नाही, तर नालीचे पाणी वाटेतच मुरते आहे किंवा तिचा पाईप बुजलेला आहे.

गाळ येतो कोठून?

इतक्या छोट्या पन्हळीत इतका गाळ येतो कोठून, असा प्रश्न जाळी उचलल्यावर प्रत्येकास पडतो. उत्तर परिसरातच आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा बांधकामाचा आणि अवजड वाहनांचा पट्टा. मोशी-चाकण रस्त्याने दिवसरात्र कंटेनर धावतात, बाजूला मुरमाचे ढिगारे असतात, शेजारच्या भूखंडावर नवी इमारत उभी राहत असते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कोरडा वारा ही धूळ आणून सपाट, ओलसर जागी टाकतो, आणि तलावाच्या काठाइतकी सपाट व ओलसर जागा दुसरी नसते. त्यात सिमेंटचा अंश असेल तर नालीच्या ओलाव्याने तो हळूहळू घट्ट होतो. नव्या घरात तर पहिला गाळ बांधकामाचाच असतो. फरशीचे सांधे भरून झाल्यावर कारागीर बादली व थाप्या त्याच नालीत धुतात. तो पांढरा थर वर्षभराने दगडासारखा कठीण होतो आणि मालकास वाटते की पाईपच लहान बसवला आहे.

धुळीखालोखाल येतो तो पाला. वास्तुरचनाकार तलावाभोवती झाडे लावतात ती चित्रात शोभतील अशी. पाने कशी गळतील याचा विचार क्वचितच होतो. चाफ्याचे पान मोठे असते, जाळीवरच अडकते आणि हाताने उचलता येते. गुलमोहर, सोनमोहर आणि कडुनिंब यांची पर्णिका मात्र बारीक असते. ती जाळीच्या फटीतून अलगद खाली जाते, पाण्यात कुजते आणि धुळीला चिकटून तिचा लगदा होतो. बोगनवेलीच्या कागदी पाकळ्यांचेही तेच. बांबूची सुकी पाने तर नालीत आडवी अडकून धरणाचे काम करतात. पिंपळ-उंबराचे बीज पक्ष्यांच्या विष्ठेतून नालीच्या सांध्यात पडले, की त्या चिमुकल्या रोपाची मुळे दोन-तीन पावसाळ्यांत पाईप फोडतात. ते बोटभर असतानाच मुळासकट काढावे. वरून छाटून उपयोग होत नाही.

तिसरा घटक माणसाचा. केस, अंगाचे तेल, डोक्याचे खोबरेल, उन्हापासून संरक्षणाची क्रीमे हे सारे पाण्याबरोबर काठावर येते. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. त्यामुळे तलाव भरण्यासाठी महापालिकेचे पाणी कोणी वापरत नाही आणि वापरूही नये. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येते. आपल्याकडील काळ्या पाषाणातून आलेले कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम आणि अंगाचे तेल व साबण यांचा संयोग होऊन एक चिकट, राखाडी साका तयार होतो. स्नानगृहाच्या नहाणी ट्रॅपमध्ये दिसतो तोच. हा साका गोंदासारखा काम करतो. धूळ आणि पाला त्याच्यावर बसत जातात.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. काठाची फरशी १०० चौरस मीटर धरली आणि तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडला, तर त्या फरशीवर तासाला ५ हजार लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ लिटर पाणी पडते. एक मीटरला एक सेंटिमीटर ढाळ असलेला ११० मिलिमीटरचा पाईप सेकंदाला सुमारे ६ लिटर पाणी सहज वाहून नेतो. म्हणजे चांगला पाईप असेल तर अडचण येऊ नये. मात्र पैसे वाचविण्यासाठी ५० मिलिमीटरचा पाईप टाकलेला असेल, तर तो सेकंदाला जेमतेम एक लिटर नेतो आणि स्वच्छ असूनही तुंबतो. शिवाय पाईपची वाहकता व्यासाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने घटते. वाहता व्यास निम्मा झाला, तर वाहणारे पाणी सुमारे एकषष्ठांशावर येते. 'अजून थोडे पाणी जाते आहे ना' हे समाधान म्हणूनच फसवे आहे.

पुण्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास, कोकणाच्या मानाने किरकोळ. पण तो पाऊस सारखा पडत नाही. २५ जुलै २०२४ रोजी पुणे शहरात चोवीस तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाऊस वेळापत्रकही पाळत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस पुण्यात २६ मे रोजीच येऊन ठेपला. मृग नक्षत्र लागण्याच्या आदल्या रविवारी नाल्या साफ करण्याचा ज्यांचा शिरस्ता होता, त्यांची त्या वर्षी फजिती झाली. मेच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम उरकावे, हे त्यावरून दिसते.

आधी कोरडी सफाई

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. येथे सर्वांत प्रचलित चूक म्हणजे सुरुवातीलाच पाण्याचा फवारा मारणे. घरकामाची मंडळी नळी घेऊन जोराने पाणी सोडतात, नाली दिसायला स्वच्छ होते आणि सारा गाळ एका ठोक्यात पाईपमध्ये जाऊन बसतो. नालीतला गाळ हाताला लागतो. पाईपमधला लागत नाही. म्हणून आधी कोरडी सफाई, पाणी नंतर, हा क्रम मोडू नये. दोन-तीन दिवस आधीपासून त्या बाजूस पाणी सांडू दिले नाही, तर गाळ सुकून वडीसारखा निघतो.

जाळीचे तुकडे उचलण्यापूर्वी त्यांच्यावर खडूने क्रमांक टाकावेत. वळणाच्या जागेचे तुकडे कापून बसविलेले असतात, ते दुसरीकडे बसत नाहीत आणि मग कोणीतरी ते ठोकून बसवितो. प्लॅस्टिकची जाळी आपल्या उन्हात काही वर्षांनी ठिसूळ होते. तडा गेलेला तुकडा तेव्हाच बाजूला काढावा, कारण लहान मुलाच्या पायाचे बोट अडकण्यास तेवढी फट पुरते. लोखंडी जाळी क्लोरीनच्या सान्निध्यात गंजते. तिचे खवले नालीत पडून आणखी गाळ होतो. उचललेल्या जाळ्या साबणाच्या पाण्यात बुडवून काथ्याच्या ब्रशाने दोन्ही बाजूंनी घासाव्यात. चिकट साका असतो तो खालच्या बाजूस.

नाली मोकळी झाल्यावर तिचे तोंड, म्हणजे पाईप जेथे सुरू होतो ती जागा, जुन्या कापडाच्या बोळ्याने बंद करावी. त्या बोळ्यास सुतळी बांधलेली असावी, नाहीतर तोच पाईपमध्ये जातो. नंतर नालीच्या उंच टोकापासून तोंडाकडे गाळ ओढत आणावा आणि घमेल्यात भरावा. नालीच्या रुंदीची थापी किंवा त्या मापात कापलेला प्लॅस्टिकचा तुकडा यासाठी उत्तम. धारदार लोखंडी हत्यार टाळावे, कारण नालीच्या आतील जलरोधक थराला चरा पडला की पाणी तेथून मुरू लागते. ओला-कोरडा कचरा ओढणारे व्हॅक्यूम यंत्र असेल तर काम अर्ध्या वेळात होते. एरवी घमेले, खराटा आणि दोन माणसांची एक सकाळ पुरेशी आहे.

बोळा काढून बादलीने पाणी सोडावे. पाणी झरझर गेले तर पाईप मोकळा आहे. घुटमळत गेले तर अडथळा आहे, आणि तो बहुधा पहिल्या वळणावर किंवा गाळ बसण्याच्या चेंबरमध्ये असतो. हे चेंबर विसरले जाते. फरशीखाली किंवा हिरवळीच्या कडेला त्याचे झाकण असते, त्यावर कालांतराने कुंडी ठेवली जाते आणि पुढच्या भाडेकरूला ते असल्याचेही ठाऊक नसते. वास्तविक या साऱ्या रचनेचे सार तेथेच आहे. वाहत्या पाण्याचा वेग मोकळ्या जागेत मंदावतो, जड गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी पुढे जाते. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले, त्या दगडी नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, त्यांचेही एक काम हेच होते. फरक एवढाच, की ते उच्छ्वास कोणी उघडून साफ करीत असे.

पाईपमधील अडथळ्यासाठी प्लंबरची स्प्रिंग किंवा बांबूच्या लांब कामट्या चालतात. स्प्रिंग खालच्या चेंबरकडून वर घालावी; वरून ढकलल्यास गाळ पुढे जाऊन अधिक घट्ट बसतो. सिमेंटचा थर असेल तर जोरात पाणी मारणारे जेटिंगचे यंत्र भाड्याने आणावे लागते. तेही जुन्या पाईपच्या सांध्यांना सोसेल एवढ्याच दाबाने वापरावे. तरीही पाणी जात नसेल तर पाईप खचलेला किंवा फुटलेला आहे. मग उकरण्यावाचून पर्याय नाही.

ॲसिडच्या बाटलीचा मोह

येथवर येता येता कोणीतरी ॲसिडची बाटली आणतोच. शौचालय साफ करण्याचे ॲसिड नालीत ओतले, फेस आला, काम झाले, असा समज सर्वदूर आहे. तलावाच्या काठी ही बाटली आणूच नये. त्याची कारणे दोन.

पहिले दगडाचे. आपल्याकडे काठाला कोटा, शहाबाद किंवा कडप्पा ही फरशी वापरण्याची पद्धत आहे. हे सारे चुनखडकाच्या जातीचे दगड असून त्यांच्यावर ॲसिड पडले की दगडच विरघळतो. जो फेस दिसतो तो मळाचा नसून फरशीचा असतो. फरशीची झिलई जाते, पृष्ठभाग सच्छिद्र होतो, त्यात शेवाळ आणखी घट्ट धरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा ॲसिड लागते. आपला सह्याद्रीचा काळा दगड ॲसिडला बराच दाद देत नाही. पण त्याच्या सांध्यांतले सिमेंट विरघळतेच.

दुसरे कारण जिवाचे. तलावाजवळ ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट असतेच आणि नालीत त्याचा अंश सांडलेला असतो. त्यावर ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ मध्ये युरोपात रणांगणावर शस्त्र म्हणून वापरला गेला तो हाच वायू. हवेपेक्षा जड असल्याने तो नालीत आणि चेंबरमध्ये खाली बसून राहतो, आणि वाकून घासणाऱ्या माणसाचे तोंड तेथेच असते. लिंबूसत्त्व सौम्य म्हणून सुचविले जाते. पण ब्लीचिंगशी मिसळल्यास त्यातूनही क्लोरीन निघतो आणि चुनखडकालाही ते बाधतेच. प्लॅस्टिकच्या सुट्या जाळ्यांवरील पांढरा थर काढण्यासाठी त्या काठापासून दूर नेऊन, भरपूर पाण्याने धुऊन, मगच ते वापरावे. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर ही दोन औषधेही एका डब्यात ठेवू नयेत. भिन्न प्रकारच्या क्लोरीन औषधांच्या मिश्रणाने आग लागू शकते. चिकट साक्यासाठी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश एवढे पुरते. कष्ट थोडे अधिक पडतात, इतकेच.

माणसाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. नाली साफ करणे वेगळे आणि बॅलन्सिंग टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये माणूस उतरविणे वेगळे. बंदिस्त टाकीत प्राणवायू कमी आणि औषधांच्या वाफा अधिक असतात. उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. मैलावाहिनी व सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा कामात मृत्यू झाल्यास कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हटले. तलावाची टाकी मैल्याची नसली तरी धोका त्याच जातीचा आहे. रोजंदारीवर आलेल्या मुलाला 'जरा खाली उतरून बघ' असे सांगणाऱ्या सोसायटीच्या सचिवांनी हे ध्यानात ठेवावे. झाकणे आधी उघडी ठेवून हवा खेळू देणे, टाकी उपसणे, बाहेर दुसरा माणूस व दोर असणे ही किमान व्यवस्था होय. ती करता येत नसेल तर काम जाणत्या ठेकेदाराकडे सोपवावे.

भिंतीमागचे पाणी

आता तो न दिसणारा धोका. चाकण, मोशी, कुरुळी, निघोजे या भागांत जमिनीचे स्वरूप थोड्या थोड्या अंतरावर पालटते. कोठे काळी माती, कोठे मुरूम, तर कोठे हात-दोन हातांवर काळा पाषाण. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाषाण पाणी मुरू देत नाही. अशा जमिनीत खणलेला तलाव हा जणू एका मोठ्या दगडी वाटीत ठेवलेली लहान वाटी असतो. काठाची नाली तुंबली की पाणी दोन्ही वाट्यांच्या मधल्या भरावात उतरते आणि त्याला बाहेर जाण्यास वाट मिळत नाही.

तलाव भरलेला असेतोवर आतले पाणी बाहेरच्या पाण्यास तोलून धरते. पण पावसाळ्यात पोहायला कोणी येत नाही, म्हणून तलाव रिकामा करून दुरुस्ती करण्याची टूम निघते. तळाखाली एक मीटर उंचीचे पाणी साचलेले असेल, तर ते तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला एक टनाने वर रेटते. आठ इंच जाडीच्या काँक्रीटचे वजन प्रत्येक चौरस मीटरला जेमतेम अर्धा टन भरते. तळ उचलला जातो, फरशा फुटतात, भिंतीच्या कडेला तडा जातो. लहान, एकसंध साच्याचा तलाव तर अख्खा वर येऊ शकतो. काही तलावांना तळाशी दाब कमी करणारी झडप असते. ती आहे की नाही हे बांधणाऱ्यास विचारून ठेवावे. झडप असो वा नसो, जुलै-ऑगस्टमध्ये तलाव पूर्ण रिकामा करू नये. आणि काठाची फरशी ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा नालीच्या कडेने तडा गेला असेल, तर सांधे भरून घेण्याचे काम पावसापूर्वीच करावे.

पाणी कोठे सोडायचे, हा प्रश्न बंगल्यांच्या बाबतीत विशेष बिकट आहे. महापालिकेच्या हद्दीत निदान रस्त्याकडेला पर्जन्यजल वाहिनी असते. चाकणच्या भोवतालच्या गावांत अनेक बंगले-योजनांना ती नाही. नाल्यांचे पाणी शोषखड्ड्यात सोडलेले असते. मुरमात खणलेला शोषखड्डा चांगले काम देतो, काळ्या मातीतला थोडकेच आणि पाषाणावर टेकलेला मुळीच नाही. शिवाय नालीतला बारीक गाळ खड्ड्यातील दगडगोट्यांच्या फटी बुजवीत जातो. म्हणून खड्ड्यापूर्वी गाळाचे चेंबर हवेच, आणि काही वर्षांनी वरचा थर काढून, गोटे धुऊन पुन्हा भरावे लागतात. खड्डा तलावापासून दूर आणि जमिनीच्या उताराच्या बाजूस असावा, नाहीतर ज्या पाण्याला बाहेर काढले तेच भिंतीमागे परत येते. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण आवश्यक केले आहे. काठावरचे पाणी या व्यवस्थेत घ्यावयाचे असेल, तर ते फरशी धुतल्याचे, साबणाचे पाणी नसावे. कूपनलिकेजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात क्लोरीन व साबण सोडणे म्हणजे आपल्याच पिण्याच्या पाण्यात ते सोडणे.

फिल्टरचे बॅकवॉश हीही एक दुर्लक्षित बाब. बॅकवॉश करताना मिनिटाला काहीशे लिटर गढूळ पाणी जोरात बाहेर पडते. सोयीचे म्हणून त्याचा पाईप काठाच्या नालीत सोडला जातो. नाली भरून वाहते आणि फिल्टरमध्ये अडकलेली सारी घाण तिच्यात येऊन बसते. त्याला स्वतंत्र वाट असावी. तलावाचे क्लोरीनयुक्त पाणी पर्जन्यजल वाहिनीत तसेच सोडू नये, हेही सांगितले पाहिजे. ती वाहिनी कोणत्याही शुद्धीकरण प्रकल्पाकडे जात नाही. पवना, मुळा किंवा इंद्रायणीस मिळते. क्लोरीनचा डोस थांबवून पाणी काही दिवस उन्हात राहू दिले, की क्लोरीन उडून जातो.

डासांचा प्रश्न पावसाळाभर राहतो. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या थोड्याशा पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस लागतात. तलावाच्या क्लोरीन असलेल्या हलत्या पाण्यात तो सहसा वाढत नाही. नालीच्या खड्डा पडलेल्या तळात, पावसाने क्लोरीन धुऊन गेल्यावर, निर्धास्त वाढतो. त्याची अंडी कोरड्या पृष्ठभागावर चिकटून महिनोन् महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसते पाणी काढून भागत नाही, तळ घासावा लागतो. आठवड्यातून एकदा जाळी उचलून ब्रश फिरविणे एवढे पुरेसे आहे. घरात डासांची पैदास आढळल्यास महापालिका दंड करते. तरीही साचलेल्या पाण्याच्या जागा शोधताना कुंड्या आणि कूलर पाहिले जातात, जाळीखाली कोणी डोकावत नाही. नालीच्या तळात कायम पाणी उभे राहत असेल, तर ढाळ चुकला आहे. शंभर ते दीडशे सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार मिळेल असा सिमेंटचा पातळ कोबा घालून घेणे हा त्यावरचा उपाय.

काढलेला गाळ लगेच हिरवळीवर पसरण्याची घाई करू नये. तो दोन दिवस उन्हात सुकू द्यावा, जाळी-प्लॅस्टिकचे तुकडे वेचून काढावेत. पाल्याचा भाग खताच्या खड्ड्यात चालतो, सिमेंट व औषधांचा अंश असलेला भाग मात्र राडारोड्यात टाकावा. रस्त्याकडेच्या गटारावर तो लोटून देणे हा सर्वांत सोपा मार्ग असल्याने बहुतेक जण तोच पत्करतात, आणि पहिल्या सरीबरोबर तो गाळ पुढच्या बंगल्याच्या दारात जातो.

पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी चेंबरचे झाकण पुन्हा एकदा उघडावे. उन्हाळ्यात छपरावर आणि अंगणात बसलेली धूळ त्या एका पावसात खाली येते, आणि मे महिन्यात रिकामे केलेले चेंबर बहुधा तेव्हाच अर्धे भरलेले असते. पुढची सफाई परतीचा पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास; आणि तलावाशेजारी कडुनिंब असेल तर त्यानंतरची फाल्गुन-चैत्रात, पानगळ आटोपल्यावर.